तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांचे बिल शेवटी कोणाच्या नावावर फाटते?

मुक्काम न्हावाशेवा

जुलै 2025 मध्ये ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन मालवाहू जहाजे येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात लागोपाठ बुडवली. त्याआधीचे काही महिने तुलनेने शांत गेले होते आणि आता सुएझचा मार्ग पुन्हा रुळेल, असे आमच्या व्यवसायातले बरेच जण बोलू लागले होते. ती आशा मावळली, म्हणून मंडळावर हा चर्चेचा धागा काढत आहे.

मी न्हावाशेवा बंदरातून निर्यातदारांचा माल पाठवण्याचे काम करतो. 19 नोव्हेंबर 2023 रोजी हुथींनी ‘गॅलक्सी लीडर’ जहाज पळवले आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत जगातल्या बहुतेक मोठ्या कंटेनर कंपन्यांनी तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेली बाब-एल-मांदेबची सामुद्रधुनी टाळून आफ्रिकेला वळसा घालायचे ठरवले. मुंबईहून रॉटरडॅमला सुएझमार्गे साधारण साडेसहा हजार सागरी मैल पडतात. केप ऑफ गुड होपवरून गेल्यास त्यात चार हजारांहून अधिक मैलांची भर पडते. शांघायहून निघालेल्या जहाजाचा प्रवास या वळशामुळे ढोबळमानाने एक तृतीयांशाने वाढतो, तर आपला जवळजवळ दोन तृतीयांशाने. म्हणजे संकट एकच असले तरी युरोपशी व्यापार करणाऱ्या भारतीयाला ते चिनी स्पर्धकापेक्षा प्रमाणाने महाग पडते, ही गोष्ट आपल्याकडच्या चर्चेत क्वचितच येते.

माझे मत असे की दहशतवादामुळे जागतिक व्यापार थांबत नाही. तो मार्ग बदलतो, महाग होतो आणि वाढलेला खर्च एकाकडून दुसऱ्याकडे ढकलत राहतो. जहाज कंपनी अधिभार लावते, निर्यातदार तो खरेदीतून वळता करतो, युरोपातला खरेदीदार ठरलेल्या भावाच्या पलीकडे हलत नाही. ज्याच्याकडे पुढे ढकलायला कोणी उरत नाही, त्याच्यापाशी हा खर्च थांबतो. तो माणूस कोण, याविषयी सभासदांचे अनुभव वाचायला आवडतील.

पिंपळगावचा पाहुणा

तो माणूस निफाड आणि दिंडोरी तालुक्यांत राहतो. पत्ता कळवू का?

पिंपळगावचा पाहुणा

वरचा प्रतिसाद थट्टेचा होता, आता सविस्तर लिहितो. आमची द्राक्षे जानेवारी ते एप्रिल या काळात युरोपात जातात. 2024 च्या हंगामात तोडणी सुरू होण्याच्या सुमारासच जहाजे आफ्रिकेकडे वळली. एरवी तीन-साडेतीन आठवड्यांत पोचणारा रीफर (शीत) कंटेनर पाच आठवडे आणि त्याहून जास्त काळ समुद्रावर राहू लागला. द्राक्ष हे तोडल्यावर पिकणारे फळ नाही. तोडल्या दिवसापासून त्याची उतरणच सुरू होते. पूर्वशीतकरण केले, पेटीत बुरशी रोखणारा ग्रेपगार्डचा कागद घातला, तापमान शून्याच्या आसपास राखले, तरी देठ वाळायचा तो वाळतोच आणि हिरवा देठ ही तर तिकडच्या सुपरमार्केटची पहिली अट असते.

बागेत व्यापाऱ्याने सांगितलेला भाव आणि हातात पडलेला भाव यांतल्या फरकाचे कारण आम्हाला एका शब्दात मिळाले: ‘हुथी’. त्या वर्षी गावातल्या पारावर येमेनच्या राजकारणाची जेवढी चर्चा झाली, तेवढी विद्यापीठातही झाली नसेल. आमच्या व्यापाऱ्याला भाडेवाढ किती लागली आणि त्याने आमच्याकडून कापले किती, याचा हिशेब मात्र कोणी दाखवला नाही. त्यातच निर्यातीचा माल मागे फिरला, तो स्थानिक बाजारात आला आणि ज्यांनी कधी निर्यात केली नव्हती त्यांचाही भाव पडला.

विमापंडित

पाहुणे, आपल्या प्रतिसादातल्या ‘उशीर’ या गोष्टीवर विम्याच्या बाजूने थोडे लिहितो, कारण निर्यातदारांचा सर्वांत मोठा गैरसमज तिथेच असतो.

सागरी मालविम्यात ज्याला लोक ‘सर्व जोखमींचे’ संरक्षण म्हणतात, त्या ‘ए’ कलमांतही युद्ध वगळलेले असते आणि दहशतवादही वगळलेला असतो. युद्धासाठी वेगळी कलमे जोडावी लागतात, दहशतवादासाठी संपाच्या कलमांची जोड घ्यावी लागते. युद्धाचे संरक्षण मुख्यतः माल जहाजावर असतानाच चालते आणि विमा कंपनी अल्प मुदतीची सूचना देऊन ते काढून घेऊ शकते. हे सगळे घेतले, हप्ते भरले, तरी केवळ उशिरामुळे झालेले नुकसान यांपैकी कशातच बसत नाही. क्षेपणास्त्र लागून कंटेनर बुडाला तर दावा करता येतो; क्षेपणास्त्राच्या भीतीने जहाज आफ्रिकेला वळसा घालून आले आणि द्राक्षे सुकली, तर दावा करता येत नाही. प्रत्यक्षात हजारो कंटेनरांच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली. शिवाय जहाज कंपनीच्या भरणपत्रात (बिल ऑफ लेडिंग) धोका दिसल्यास मार्ग बदलण्याचा अधिकार तिने आधीच राखून ठेवलेला असतो, त्यामुळे तिच्याकडेही बोट दाखवता येत नाही.

जहाजाच्या विम्याचे गणित वेगळे आहे. हल्ले सुरू होण्याआधी तांबड्या समुद्रातून एकदा जाण्यासाठीचा युद्धजोखमीचा हप्ता जहाजाच्या किमतीच्या एक दशांश टक्क्याच्याही आत असे. 2024 च्या सुरुवातीला तो एक टक्क्याच्या जवळपास गेला. पाच कोटी डॉलर किमतीच्या जहाजाला एका फेरीसाठी पाच लाख डॉलर भरण्यापेक्षा दहा-बारा दिवसांचे जादा इंधन जाळणे परवडते. मार्ग बदलण्याचा निर्णय शौर्याचा किंवा भीतीचा नव्हता, तो या हिशेबाचा होता.

शंकासुर

धाग्याच्या मूळ गृहीतकाबद्दलच शंका आहे. हुथींना दहशतवादी म्हणायचे की गृहयुद्धातला एक पक्ष? सप्टेंबर 2014 पासून साना शहर त्यांच्या ताब्यात आहे, तिथे ते कर गोळा करतात, कारभार चालवतात. अमेरिकेने त्यांना जानेवारी 2021 मध्ये दहशतवादी ठरवले, पुढच्याच महिन्यात यादीतून काढले, जानेवारी 2024 मध्ये पुन्हा एका यादीत घातले आणि 2025 मध्ये त्याहून कडक यादीत. ही यादी आहे की मंत्रिमंडळाचा विस्तार?

दुसरे असे की, भाडेवाढीचे सगळे खापर हल्ल्यांवर फोडणे जहाज कंपन्यांच्या सोयीचे आहे. 2024 हे वर्ष तोट्यात जाऊ शकेल, असे त्या वर्षाच्या आरंभी मर्स्क या बड्या कंटेनर कंपनीने म्हटले होते. पुढे वर्षभरात तिने नफ्याचा अंदाज एकापेक्षा अधिक वेळा वाढवला. लांबच्या वळशात जहाजे अडकली, त्यामुळे बाजारात जागेची टंचाई झाली आणि टंचाईत भाडे वाढले. द्राक्षवाल्यांचे नुकसान झाले तेव्हा कोणाचा तरी फायदाही झाला, हे ‘मुक्काम’ यांच्या मांडणीत येत नाही.

विमापंडित

शंकासुर, आपला पहिला मुद्दा तात्त्विक वाटला तरी व्यवहारात फार मोलाचा आहे. तीच घटना युद्ध, चाचेगिरी की दहशतवाद, यावर कोणती विमापत्रिका पैसे देणार हे ठरते. सोमाली चाच्यांच्या काळात तर चाचेगिरी जहाजाच्या साध्या विम्यात ठेवायची की युद्धजोखमीत, यावर बाजारात बरीच ओढाताण झाली.

मुक्काम न्हावाशेवा

सोमाली चाच्यांचा विषय निघालाच आहे तर आपल्या किनाऱ्याची एक आठवण नोंदवतो. 2010 मध्ये जहाज उद्योगाने अतिजोखमीच्या क्षेत्राची पूर्वसीमा 78 अंश रेखांशापर्यंत सरकवली, म्हणजे भारताचा अख्खा पश्चिम किनारा नकाशावर त्या पट्ट्यात गेला. मुंबईकडे येणाऱ्या जहाजांवर जादा हप्ता आणि सशस्त्र रक्षकांचा खर्च चढू लागला. भारताने सातत्याने पाठपुरावा केल्यानंतर 2015 च्या अखेरीस ही सीमा 65 अंशांवर मागे गेली. मधल्या काळात, फेब्रुवारी 2012 मध्ये, ‘एन्रिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरच्या नौसैनिकांनी चाचे समजून केरळच्या किनाऱ्याजवळ दोन भारतीय मच्छीमार मारले. सुरक्षेसाठी नकाशावर ओढलेल्या रेषेची किंमत पैशांपलीकडेही मोजावी लागते.

नफ्याविषयीचा शंकासुर यांचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्याने माझे म्हणणे खोडले जात नाही, उलट ठाम होते. ज्याची बाजू सौद्यात भक्कम, त्याला संकटही उत्पन्न देऊन जाते.

चौथा इंजिनिअर

इथे मालाची आणि पैशांची चर्चा चालली आहे. जहाजावर माणसे असतात, हे नोंदवण्यासाठी लिहितो. मी रत्नागिरीचा, गेली अनेक वर्षे मर्चंट नेव्हीत आहे. आमच्या भागात घरटी एक माणूस समुद्रावर, अशी गावे आहेत.

जानेवारी 2024 मध्ये ‘मार्लिन लुआंडा’ या तेलवाहू जहाजाला क्षेपणास्त्र लागून आग लागली, तेव्हा जहाजावर 22 भारतीय होते आणि आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणमवरचे पथक गेले. मार्च 2024 मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर तीन खलाशी मारले गेले. ‘गॅलक्सी लीडर’चे 25 जण वर्षाहून अधिक काळ ओलीस होते, त्यांची सुटका जानेवारी 2025 मध्ये झाली. यांतल्या एकाचाही त्या युद्धाशी काडीचा संबंध नव्हता.

संघटना आणि मालक यांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार घोषित धोकाक्षेत्रात जायला खलाशी नकार देऊ शकतो, कंपनीच्या खर्चाने घरी परतू शकतो आणि गेलाच तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार दुप्पट मिळतो. कागदावर हे उत्तम आहे. मात्र ज्या जहाजांवर हा करार लागू आहे, तिथेच तो चालतो आणि नकार दिलेल्या पोराला पुढचे बोलावणे कधी येते, हे कोणत्याही करारात लिहिलेले नसते. ज्याच्या डोक्यावर प्रशिक्षणाचे कर्ज आहे, तो नकार देत नाही.

त्या पट्ट्यातून जाताना काही जहाजे आपल्या स्वयंचलित ओळखयंत्रणेत गंतव्य बंदराच्या जागी ‘सर्व कर्मचारी चिनी’ किंवा ‘इस्रायलशी संबंध नाही’ असे लिहीत. झेंडा पनामाचा, मालक ग्रीक, माल तिसऱ्याचा, विमा लंडनचा आणि जीव वाचवायला चिनी असल्याचा दाखला! जागतिकीकरणावर याहून मोठा निबंध मी वाचलेला नाही.

अण्णा हिशेबनीस

चौथे इंजिनिअर, शेवटचे वाक्य कोरून ठेवण्यासारखे आहे.

या संदर्भात जुना इतिहासही पाहावा. 1967 च्या युद्धानंतर सुएझ कालवा 1975 पर्यंत बंदच होता, तब्बल आठ वर्षे. तेव्हाही जहाजे आफ्रिकेला वळसा घालूनच जात आणि लांबचा प्रवास परवडावा म्हणून तेलवाहू जहाजांचे आकार प्रचंड वाढवण्यास त्या काळात गती मिळाली. म्हणजे संकट संपले तरी त्याने बदललेली जहाजे राहिली. या वेळीही खरे नुकसान इजिप्तला झाले आहे: कालव्याचे उत्पन्न 2023 मध्ये दहा अब्ज डॉलरच्या वर होते, ते 2024 मध्ये चार अब्जांच्या आसपास आले. धागाकर्त्याच्या प्रश्नाचे उत्तर देशांच्या पातळीवर शोधायचे असेल, तर कैरोकडे पाहावे लागेल.

हिरेबाजार

समुद्र सोडून मुंबईत येऊ. मी ऑपेरा हाऊसच्या हिरे बाजारात उमेदवारी केली. 13 जुलै 2011 रोजी संध्याकाळी झवेरी बाजार, ऑपेरा हाऊस आणि दादर या तीन ठिकाणी स्फोट झाले. आमचा व्यापार रस्त्यावर, विश्वासावर, कागदाच्या पुडीवर चालत असे. परदेशी खरेदीदारही त्याच गर्दीतून दलालाबरोबर चालत येई. वांद्रे-कुर्ला संकुलातला भारत डायमंड बोर्स त्याआधीच, 2010 मध्ये, सुरू झाला होता, परंतु तिकडे जायला अनेकांची तयारी नव्हती. स्फोटानंतर ती चालढकल संपली.

बोर्समध्ये ओळखपत्र, तपासणी, कॅमेरे, बँका, सीमाशुल्काची व्यवस्था सगळे एका आवारात आहे आणि परदेशी ग्राहकाला तेच हवे असते. मात्र ज्याला तिथे कार्यालय परवडले नाही, तो छोटा दलाल आणि त्याच्यावर जगणारा चहावाला जुन्या गल्लीतच राहिले. सुरक्षित बाजार हा प्रवेशमूल्य असलेला बाजार असतो.

आखातवासी

हिरेबाजार यांचे शेवटचे वाक्य संपूर्ण जागतिक व्यापाराला लागू पडते. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेने आयातीच्या सुरक्षेचे जे नियम केले, ते पाहा. माल जहाजावर चढण्याच्या 24 तास आधी त्याची यादी अमेरिकी सीमाशुल्क विभागाकडे गेली पाहिजे. कारखान्याचे कुंपण, कामगारांची पडताळणी, कंटेनरचे सील यांचे दाखले असतील, तर तपासणी कमी. जुलै 2004 पासून बंदरांसाठी आणि जहाजांसाठी सुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता आली. मोठ्या कारखान्याने एक अधिकारी नेमला आणि विषय मिटवला. इचलकरंजीच्या किंवा भिवंडीच्या छोट्या कापड निर्यातदाराला तोच खर्च प्रत्येक कंटेनरमागे जाणवला. अमेरिकेने 2007 मध्ये परदेशी बंदरांतच प्रत्येक कंटेनरची शंभर टक्के यंत्रतपासणी करण्याचा कायदाही केला; तो अमलात आणणे अशक्य असल्याचे दिसून आल्यावर मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. आपल्याकडचे शासननिर्णय आठवले ना?

शंकासुर

आखातवासी, सुरक्षेच्या नावाखाली राजकारणही चालते, हे आपण दुबईत राहून लिहिले नाही, याचे नवल वाटते.

आखातवासी

लिहिणारच होतो. 2006 मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्ड या बंदरे चालवणाऱ्या कंपनीने पी अँड ओ ही ब्रिटिश कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर सहा अमेरिकी बंदरांतले कामकाजही डीपी वर्ल्डकडे येणार होते. अमेरिकी काँग्रेसमध्ये एवढा गदारोळ झाला की अखेर डीपी वर्ल्डने तो भाग एका अमेरिकी कंपनीला विकला. गंमत अशी की, त्याच व्यवहारातून आपल्या न्हावाशेवाचे खासगी टर्मिनलही डीपी वर्ल्डकडे आले आणि इथे तसे वादळ उठले नाही.

2025 मध्ये मात्र आपल्याकडेही तशीच घटना घडली. 22 एप्रिलचा पहलगामचा हल्ला, नंतरचा संघर्ष, त्यात तुर्कस्तानने पाकिस्तानची घेतलेली बाजू आणि 15 मे रोजी सेलेबी या तुर्की मूळ असलेल्या कंपनीची सुरक्षा मंजुरी रद्द. मुंबईसह अनेक विमानतळांवर ही कंपनी विमानांची जमिनीवरची कामे सांभाळत होती. दिल्ली उच्च न्यायालयाने जुलैमध्ये हा निर्णय कायम ठेवला. निर्णय योग्य की अयोग्य, हा वेगळा वाद आहे. गुंतवणूकदाराला त्यातून एवढे कळले की करार कितीही वर्षांचा असो, सुरक्षेची मंजुरी एका दिवसात जाऊ शकते.

अण्णा हिशेबनीस

पहलगामनंतरची आणखी एक गोष्ट. 2 मेपासून पाकिस्तानी मालाची थेट आणि तिसऱ्या देशामार्गे होणारी आयातही बंद झाली. जूनमध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावाशेवा येथे 39 कंटेनर पकडले. सुमारे 1,115 टन माल, किंमत नऊ कोटींच्या आसपास, कागदोपत्री मूळ देश संयुक्त अरब अमिरात आणि आत प्रामुख्याने पाकिस्तानी खारीक. ‘मुक्काम’ साहेब, आपण याच बंदरातले. खारकेची चव कशी होती?

मुक्काम न्हावाशेवा

अण्णा, आम्ही निर्यातीचे लोक! खारकेशी आमचा संबंध डोहाळजेवणापुरता.

रेवती, रॉटरडॅम

मी इथल्या फळ आयातीच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे पिंपळगावच्या दादांना दुसऱ्या टोकाचे चित्र सांगू शकते. सुपरमार्केट हंगामाआधीच आठवड्यानुसार कार्यक्रम ठरवते: अमुक आठवड्यात अमुक पेट्या, अमुक भावात. येमेनमध्ये काय चालले आहे, याने त्या भावात बदल होत नाही. माल उशिरा आला तर त्याचा आठवडा हुकतो, मग तो खुल्या बाजारात जातो आणि तिथे पडेल तो भाव घ्यावा लागतो. दक्षिण आफ्रिकेच्या द्राक्षांना तर तांबडा समुद्र ओलांडावाच लागत नाही. त्यांचा हंगाम लांबला, तर आपला माल पोचण्याआधीच फळी भरलेली असते.

मात्र दादा, ‘हुथी’ या एका शब्दात सगळे बसवणाऱ्या व्यापाऱ्यावर मी पूर्ण विश्वास ठेवणार नाही. जहाज कंपनीचा अधिभार देयकावर वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो आणि तो प्रति कंटेनर ठरलेला असतो. इथे पोचल्यावर मालाचा गुणवत्ता अहवाल छायाचित्रांसह तयार होतो. ही दोन्ही कागदपत्रे निर्यातदाराकडे असतात आणि ती मागण्यात काही गैर नाही.

शंकासुर

रेवतीताई, कागद मागणे सोपे आहे, मिळवणे कठीण. बागायतदाराचा करार बहुधा तोंडी असतो. मग हुथी नसते तर पाऊस असता, पाऊस नसता तर रुपया असता. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर पन्नास टक्के शुल्क लावले, तेव्हा कोळंबी आणि कापडवाल्यांना क्षेपणास्त्रापेक्षा परिपत्रकाची भीती जास्त होती. दहशतवाद हे खर्च खाली ढकलण्याच्या अनेक कारणांपैकी एक कारण आहे, असे म्हणा. मग मी आपल्या सगळ्यांशी सहमत आहे.

मुक्काम न्हावाशेवा

शंकासुर सहमत झाल्यामुळे धागा बंद करण्याची वेळ आली, असे मंडळातले जुने सभासद म्हणतील. तरीही एक फरक राहतो. पाऊस आणि रुपया दोन्ही बाजूंना हलतात. सुरक्षेचा खर्च एकदा चढला की सहसा उतरत नाही. 2001 नंतरच्या अटी आजही आहेत, चाचे ओसरले तरी रक्षकांच्या कंपन्या राहिल्या आणि उद्या तांबडा समुद्र पूर्ण शांत झाला तरी यातले काही अधिभार नवे नाव घेऊन परत येतील, असा माझा अंदाज आहे. म्हणून करारातच त्यांची सोय करणे हा मला एकमेव मार्ग दिसतो. सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी म्हणून एकत्र माल देणाऱ्यांना निर्यातदार निदान देयकाची प्रत दाखवतो. एकट्या बागायतदाराला नाही.

पिंपळगावचा पाहुणा

रेवतीताई आणि ‘मुक्काम’ साहेब, दोघांचेही आभार. आमच्याकडे गोडी (फळांसाठीची) छाटणी आता सुरू होईल आणि व्यापारी नोव्हेंबर-डिसेंबरपासून बागा बघायला फिरतात, म्हणजे बोलणी करायला वेळ आहे. आमच्या गटात आम्ही काही बागायतदार एकत्र आलो आहोत. अधिभार कोणी किती सोसायचा, माल उशिरा पोचल्यास भाव कसा धरायचा आणि अहवाल किती दिवसांत द्यायचा, एवढेच लिहिलेला मराठी कराराचा मसुदा कोणाकडे आहे का? इंग्रजीतला एक मिळाला होता, त्यात सगळे अधिकार समोरच्याचेच होते.

विमापंडित

एक मसुदा माझ्याकडे आहे, परंतु तो डाळिंबासाठी केलेला आहे. व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. त्यात जहाज कंपनीने मार्ग बदलल्यास होणाऱ्या उशिराचे कलम नाही, ते ‘मुक्काम’ यांच्याकडून लिहून घ्या.

मुक्काम न्हावाशेवा

रविवारपर्यंत लिहून देतो.